दूध मानवत नसेल तर…

ईदच्या दुसऱ्या दिवशी पोट धरून बसलेला एखादा माणूस बहुतेक घरांत सापडतो. ‘दहा घरचा शीर खुर्मा खाल्ला, आता भोगा!’ असे म्हणून सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. पण काहींना दहा वाट्या लागत नाहीत. एक पेला दूध प्यायले की तासाभरात पोट गुडगुडते, फुगते, मुरडा येतो, जुलाब होतात. आमच्या वरठीत अशा मुलाला ‘नखरेल’ म्हणून मोकळे होतात. नव्या सुनेने दूध नाकारले तर तिच्या माहेरचा उद्धार होतो. दूध ही अल्लाहची नेमत, ती कुणाला मानवत नाही म्हणजे काय, असे वडीलधाऱ्यांना वाटते. म्हणूनच हा विषय घरातल्या सर्वांनी मिळून समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

पोटात काय होते?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात ती सुमारे १२ ग्रॅम भरते. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य तयार होते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते, कारण आईचे दूध हाच त्याचा आहार. दूध सुटल्यावर मात्र जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांत हे द्रव्य हळूहळू कमी होते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते. ती पाणी ओढून घेते आणि तिथले जिवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. गुडगुड, फुगारा आणि जुलाब यांचे कारण एवढेच. त्रास होतो, पण आतड्याला इजा होत नाही. हा संसर्ग नाही आणि नखरा तर नाहीच.

शेजाऱ्याला पचते, मला का नाही?

याचे उत्तर रक्तातून आलेल्या वारशात आहे. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत दोन हजारांहून अधिक भारतीयांचे जनुक तपासले. मोठेपणीही दूध पचवू देणारा जनुकीय बदल वायव्य भारतात जास्त आढळला आणि दक्षिण-पूर्वेकडे जावे तसा कमी होत गेला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत उत्तर भारतीयांपैकी सुमारे २७ टक्के, तर दक्षिण भारतीयांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांना लॅक्टोज पचत नसल्याचे दिसले होते.

वरठीसारख्या गावात हे सहज समजते. भंडारा रोड स्टेशन इथलेच आणि पोलादाचा कारखानाही इथलाच. एकाच गल्लीत कुणाचे आजोबा पंजाबकडचे, कुणाचे आंध्रातले, तर कुणी पिढ्यान्‌पिढ्या याच धानाच्या मुलखातले असू शकते. एकजण लोटाभर दूध पिऊन कामावर जाईल, दुसऱ्याला अर्धा पेलाही जड जाईल. दोघेही निरोगीच.

बाळाच्या बाबतीत चूक नको

सर्वांत जास्त नुकसान होते ते इथे. बाळाला जुलाब लागले की ‘आईचे दूध बाधले’ म्हणून अंगावरचे दूध तोडले जाते. असे मुळीच करू नका. जन्मतःच लॅक्टोज न पचणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली की आतड्याचे अस्तर दुखावते आणि काही दिवस दूध पचायला जड जाते, पण अस्तर भरून आले की ते पूर्ववत होते. तोवर आईचे दूध चालूच ठेवावे, सोबत ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावे. बाळ सुस्त झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले तर तासभरही थांबू नये.

दुधाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे. त्यात दुधातल्या प्रथिनांचे वावडे असते. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे, बाळाच्या शौचात रक्त येणे, अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टर गाठावा.

काय चालेल, काय नाही?

दूध कितीही उकळले तरी लॅक्टोज जात नाही. आटवल्याने तर ते दाट होते. आटवून निम्मे केलेल्या दुधाची एक वाटी म्हणजे पेलाभर दूधच. त्यामुळे खवा, बासुंदी, रबडी, फिरनी आणि शीर खुर्मा हे सर्वांत जड. दुधाच्या पावडरीतही लॅक्टोज भरपूर असते. शेळीच्या दुधाने फरक पडेल असे अनेकांना वाटते, पण त्यातही ही साखर जवळपास तेवढीच असते.

दह्याचे मात्र वेगळे. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच खातात आणि उरलेले पचवायलाही मदत करतात. म्हणून दही-ताक बहुतेकांना सोसते. पनीर करताना बरेचसे लॅक्टोज पाण्यासोबत निघून जाते, तुपात ते जवळजवळ नसतेच. चहात जेमतेम दोन ग्रॅम जाते, तेवढे बहुतेकांना चालते. बाजारात लॅक्टोजमुक्त दूधही मिळते. ते किंचित गोड लागते, कारण त्यातली साखर आधीच फोडलेली असते.

रमजानमध्ये दिवसभर रिकाम्या असलेल्या पोटावर इफ्तारला दुधाचे गार सरबत एकदम पिऊ नये. खजूर आणि पाण्याने रोजा सोडावा. दूध घ्यायचेच तर जेवणासोबत, अर्धा पेला. सेहरीत दूध-शेवयांऐवजी दही-भात किंवा दही-पराठा घेतला तर दिवसा पोट साथ देते. ईदचा शीर खुर्मा थोड्या लॅक्टोजमुक्त किंवा नारळाच्या दुधात वेगळा करून ठेवता येतो.

खात्री कशी करावी?

दोन आठवडे दूध आणि दुधाचे जड पदार्थ बंद ठेवून पाहा. त्रास थांबला आणि दूध सुरू करताच परतला, तर कारण बहुधा हेच. पक्की खात्री श्वासातील हायड्रोजनच्या तपासणीने होते. ती मोठ्या शहरात मिळते. मात्र वजन घटणे, ताप, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर ‘दुधाचाच त्रास’ म्हणून अंगावर काढू नये. आतड्याचा क्षयसुद्धा असाच सुरू होऊ शकतो.

कॅल्शियमचे काय?

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पेलाभर गायीच्या दुधात सुमारे ३०० असते. दोन मोठे चमचे तिळात सुमारे २५०, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास आणि तेवढ्याच शेवग्याच्या पाल्यात ३०० मिळते. आपल्याकडची जवसाची चटणी आणि तलावातली लहान मासळी काट्यासकट खाल्ली तर तीही कामाची. हे कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे. आपल्या भगिनींनी अंगणात किंवा गच्चीवर आडोसा करून हातापायांवर थोडे ऊन घ्यावे.

आणि एक विनंती यजमानांना. पाहुण्याने दुधाचा पेला बाजूला सारला तर आग्रह करू नका, कारणही विचारू नका. पैगंबरांनी (स.) कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले. खाणाऱ्याने हा अदब पाळावा आणि वाढणाऱ्यानेही. सुनेपुढे दुधाऐवजी ताकाचा पेला ठेवायला फारसे काही लागत नाही.