पुस्तकातील ग्रीस आणि मातीतील ग्रीस

ग्रीक व रोमन संस्कृतीचा अभ्यास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड शब्दकोश आणि व्याकरणाचे तक्ते उभे राहतात. हे चित्र अगदीच खोटे नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठात या विषयाचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यात भाषा, वाङ्मय, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांची सांगड घातलेली आहे. शाळेत ग्रीक वा लॅटिन न शिकलेल्यालाही तेथे मुळाक्षरांपासून आरंभ करता येतो. परंतु या विद्येचे दुसरे अंग ग्रंथालयाबाहेर आहे व त्यासाठी घर सोडावे लागते.

ही गरज ओळखूनच फ्रेंचांनी १८४६ मध्ये, अमेरिकनांनी १८८१ मध्ये आणि इंग्रजांनी १८८६ मध्ये अथेन्स येथे आपापल्या अभ्याससंस्था स्थापन केल्या. रोममधील इंग्रजांची संस्था १९०१ सालची. येथे राहून विद्यार्थी अवशेष पाहतात, शिलालेख वाचतात, उत्खननाचे तंत्र शिकतात. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी काही आठवड्यांचे उन्हाळी वर्गही भरतात.

कोणी म्हणेल, ग्रंथ घरीही वाचता येतात. मग एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर एका उदाहरणाने देतो.

प्राचीन अथेन्समध्ये डोईजड वाटणाऱ्या पुढाऱ्याला दहा वर्षे हद्दपार करण्याची प्रथा होती. नागरिक त्याचे नाव खापराच्या तुकड्यावर कोरून मत देत. प्लुटार्कने याविषयी एक कथा दिली आहे. एका निरक्षर खेडुताने शेजारच्या माणसाला आपल्या खापरीवर ‘अरिस्टायडीस’ असे लिहून देण्याची विनंती केली. तो शेजारी स्वतः अरिस्टायडीसच होता! कारण विचारता खेडूत म्हणाला, त्याला जो तो ‘न्यायी’ म्हणतो, ते ऐकून मी कंटाळलो. अरिस्टायडीसने मुकाट्याने स्वतःचे नाव लिहून दिले.

कथा वाचून लोकशाहीतील साध्याभोळ्या मतदाराचे चित्र मनावर ठसते. पण १९३० नंतरच्या दशकात अक्रॉपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरील एका जुन्या विहिरीत सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. त्यांवर नाव होते थेमिस्टोक्लीसचे, म्हणजे इ. स. पूर्व ४८० मध्ये सॅलमिसच्या लढाईत इराणी आरमाराचा पराभव घडवून आणणाऱ्या सेनानीचे. संशोधकांनी अक्षराची वळणे ताडून पाहिली, तेव्हा हे सारे लेखन अवघ्या चौदा जणांच्या हातचे निघाले. म्हणजे मते आधीच लिहून वाटण्यासाठी ठेवलेली होती! ती निरक्षरांच्या सोयीसाठी होती की विरोधकांच्या कारस्थानासाठी, हे खापऱ्या सांगत नाहीत. पण मतदानामागे संघटित हात होते, हे निश्चित कळते.

प्लुटार्कच्या पानांत ही विहीर नाही. आणि ज्याला ग्रीक अक्षरे लागत नाहीत, त्याला ती खापरे म्हणजे निव्वळ केरकचरा. ग्रंथ आणि माती या दोन साक्षीदारांची उलटतपासणी घेणे, हेच या शिक्षणाचे मर्म होय.

अथेन्सला जाणे आपल्यापैकी फार थोड्यांना साधेल. पण कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर स्वतःला ‘यवन’ म्हणवणाऱ्या दात्यांचे लेख आहेत आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. प्राकृताचे पुस्तक हाती घेऊन कार्ल्याच्या पायऱ्या चढणारा विद्यार्थीही याच मार्गाचा प्रवासी ठरेल.