नाणं थांबलं, हप्ता सुरू झाला

१९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी ‘बॅफल बॉल’ नावाचा खेळ बाजारात आणला. दुकानाच्या काउंटरवर मावेल एवढी पेटी, आत खिळ्यांची दाटी, वर काच. एक सेंट टाकला की पाच ते सात गोळ्या मिळत. स्प्रिंगचा दांडा मागे ओढून सोडायचा आणि गोळी खिळ्यांमधून ठेचकाळत कुठल्या खळग्यात पडते ते पाहायचं. पेटीची किंमत होती १७.५० डॉलर, म्हणजे १,७५० सेंट. पेटीचा मालक आणि दुकानदार यांनी गल्ला निम्मानिम्मा वाटून घेतला असं धरलं, तरी ३,५०० खेळांत मालकाचे पैसे वसूल! महामंदीचे दिवस होते, लोकांच्या हाताला काम नव्हतं, तरी अशा ५० हजारांहून अधिक पेट्या खपल्या. विरंगुळा इतका स्वस्त होता की रिकामा खिसाही एक सेंट काढू शकत होता.

या आकड्यांत मला एक विलक्षण गोष्ट दिसते. पिनबॉलचं यंत्र जन्मापासून हप्त्यानंच विकलं गेलं आहे. फक्त तो हप्ता एका माणसानं महिन्याला भरलेला नव्हता. तो हजारो अनोळखी हातांनी, एकेका सेंटनं भरलेला होता. पेढी, बार, केशकर्तनालय, बसथांबा, जिथे यंत्र उभं राहिलं तिथे त्याची किंमत त्यानंच फेडली. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांना हाच नाण्यांचा ओघ खुपला. ही यंत्रं शाळकरी मुलांच्या खिशातले पैसे लुटतात, असं म्हणत त्यांनी १९४२ मध्ये शहरात पिनबॉलवर बंदी आणली. ती उठायला १९७६ उजाडलं.

आज अमेरिकेत नव्या पिनबॉल यंत्रांचा मोठा भाग दुकानात किंवा बारमध्ये जात नाही. तो लोकांच्या घरी, तळघरातल्या खेळाच्या खोलीत जातो. घरच्या यंत्रावर सहसा नाणं टाकावं लागत नाही, बटण दाबलं की खेळ सुरू. म्हणजे जो ओघ यंत्राची किंमत फेडत होता तोच आटला. आता ती किंमत फेडणारा एकच माणूस उरला, मालक. आणि किंमत काही थोडीथोडकी नाही. ‘स्टर्न’ या शिकागो परिसरातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकाची यंत्रं प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड एडिशन अशा तीन पायऱ्यांवर मिळतात. खालची पायरी अलीकडे सात हजार डॉलरच्या आसपास आहे, तर वरची जवळजवळ दुप्पट.

एवढे पैसे कशाचे? काच उचलून आत डोकावलं की उत्तर मिळतं. एका यंत्रात साडेतीन हजारांच्या आसपास सुटे भाग आणि जवळपास पाऊण किलोमीटर तार असते. तारांचे जुडगे, दिवे, कॉइल, स्विच, उतार, सगळं माणसांच्या हातांनी जोडलेलं. खेळाचा पाट साधारण साडेसहा अंशांनी कललेला असतो. त्यावर सत्तावीस मिलिमीटर व्यासाची, ऐंशी ग्रॅमची पोलादी गोळी धावते. ती खाली निसटू पाहते तेव्हा तिला परत वर भिरकावणारं पातं म्हणजे फ्लिपर. १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात तो पहिल्यांदा आला. त्यामागची पारंपरिक रचना फार सुरेख आहे. कॉइलवर तारेचे दोन वेढे असतात, एक दांडगा आणि एक नाजूक. बटण दाबताच दांडग्या वेढ्यातून जोरदार प्रवाह धावतो आणि फ्लिपर ताडकन उठतो. तो पूर्ण उठला की एक छोटा स्विच उघडतो, जोराचा प्रवाह थांबतो, आणि नाजूक वेढा थोड्याशा विजेवर फ्लिपरला वर धरून ठेवतो. दांडगा वेढा तसाच चालू राहिला असता, तर बटण दाबून धरणाऱ्या खेळाडूनं कॉइल जाळूनच टाकली असती. डोळ्याचं पातं लवण्याच्या आत घडणाऱ्या या गोष्टीसाठी माणसांनी केवढा विचार केला आहे!

आता अशा यंत्रावर जीव जडला आणि सात हजार डॉलर एकरकमी हाताशी नाहीत, तर? अमेरिकेत दोन वाटा आहेत, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट्या दिशेनं जातात.

पहिली वाट ‘लेअवे’ची. यंत्र पसंत करायचं, विसार द्यायचा, आणि दुकानदार ते तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवतो. मग ठरलेल्या मुदतीत हप्ते भरायचे. शेवटचा हप्ता भरला की यंत्र घरी. व्याज नाही, फार तर थोडं सेवाशुल्क. आपल्याकडे सराफाच्या पेढीवर दरमहा पैसे भरून शेवटी दागिना घेण्याची योजना असते, तिचीच ही बहीण. फरक एवढाच की सोन्याचा भाव बहुधा दागिना घेण्याच्या दिवशीचा लागतो, आणि लेअवेत वस्तूची किंमत पहिल्याच दिवशी ठरते.

ही पद्धत अमेरिकेत रुजली ती १९३० च्या दशकात, त्याच महामंदीत, जेव्हा कर्ज मिळणं दुरापास्त होतं. पुढे क्रेडिट कार्ड आलं आणि लेअवे मागे पडलं. ‘वॉलमार्ट’नं २००६ मध्ये ते बंद केलं. २००८ च्या आर्थिक पडझडीनं लोकांना पुन्हा उधारीची धास्ती वाटू लागली, तेव्हा २०११ मध्ये त्याच कंपनीनं नाताळच्या हंगामासाठी ते परत आणलं. त्याच वर्षी डिसेंबरात एक हृद्य प्रकार घडला. ‘केमार्ट’च्या अनेक दुकानांत अनोळखी माणसं येऊ लागली आणि दुसऱ्यांच्या नावानं बाजूला ठेवलेल्या खेळण्यांची बाकी भरून निघून जाऊ लागली. कोण कुठली मुलं, कोण कुठले आईबाप, पण हप्ता भरला गेला! २०२१ मध्ये वॉलमार्टनं लेअवे पुन्हा थांबवलं आणि ग्राहकांसमोर ‘अफर्म’ या कंपनीचा हप्त्यांचा पर्याय ठेवला. पिनबॉल आणि घरगुती खेळयंत्रं विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांकडे मात्र लेअवे अजून आढळतं, विशेषतः दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या जुन्या यंत्रांसाठी.

दुसरी वाट कर्जाची. यंत्र आज घरी, पैसे मागाहून. हिची एक जुनी खूण एका यंत्रापाशी सापडते. शिवणयंत्र विकणाऱ्या सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये हप्त्यांची योजना आखली, कारण शंभर डॉलरहून महाग यंत्र साध्या कुटुंबाला एकरकमी घेणं शक्यच नव्हतं. पण शिवणयंत्र पुष्कळ घरांत कमाई करत होतं, शिलाईच्या पैशांतून त्याचा हप्ता निघे. घरातलं पिनबॉल एक सेंटही कमावत नाही. ते फक्त खेळवतं. म्हणून त्याचा हिशेब अधिक डोळसपणे करायला हवा.

तो करून पाहू. सात हजार डॉलरचं यंत्र, वर्षाला १२ टक्के व्याज, ३६ महिने. मासिक हप्ता येतो २३२.५० डॉलर, आणि एकूण भरणा ८,३७०. म्हणजे १,३७० डॉलर व्याजाचे. हप्ता दर महिन्याला सारखाच दिसतो, पण आत काय काय हलत असतं पाहा. पहिल्या हप्त्यातले ७० डॉलर व्याजात जातात, मुद्दल फक्त १६२.५० नं कमी होतं. शेवटच्या हप्त्यात व्याज उरतं जेमतेम २ डॉलर ३० सेंट. बरोबर निम्मे हप्ते भरून झाल्यावर बाकी निम्मी झाली असेल असं वाटतं, पण अजून ३,८०० डॉलरहून अधिक देणं उरलेलं असतं. मुदत पाच वर्षांची केली तर हप्ता १५६ डॉलरवर येतो आणि खिशाला हलका वाटतो, पण व्याज २,३४० च्या वर जातं. हप्ता जितका हलका, तितकी वस्तू महाग. सगळ्या कर्जांचं मर्म या एका ओळीत आहे.

आता तेच यंत्र लेअवेवर घेऊ. समजा विसार १,४०० डॉलर आणि पुढे आठ महिने दरमहा ७००. एकूण सात हजार, एक सेंट जास्त नाही. मग या वाटेला काहीच किंमत नाही का? आहे. तेच पैसे ४ टक्के व्याजाच्या बचत खात्यात राहिले असते, तर आठ महिन्यांत सुमारे १०३ डॉलर मिळाले असते. मुदती वेगळ्या आहेत हे खरं, तरीही दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. धीर धरण्याची किंमत १०३ डॉलर, घाईची १,३७०. दोन्हीकडे विकला जातो तो काळच. कर्जात आपण काळ विकत घेतो, लेअवेत आपण तो देतो.

इथेच मला सर्वांत मोठं नवल वाटतं. कर्जात विश्वास ठेवतो तो सावकार, की हा माणूस पैसे फेडील. लेअवेत विश्वास ठेवतो तो ग्राहक, की हा दुकानदार आठ महिन्यांनी इथेच असेल आणि यंत्रही असेल. कागदावर कुठे तसं लिहिलेलं नसतं, पण लेअवेत ग्राहकच दुकानदाराला बिनव्याजी कर्ज देत असतो. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यालाही हे उमगलेलं आहे. दुकान बुडालं तर घरगुती वस्तूसाठी आगाऊ पैसे भरलेल्या ग्राहकाला सामान्य धनकोंच्या आधी नंबर मिळतो. पण त्या सवलतीची मर्यादा चार हजार डॉलरच्या आत आहे, आणि पिनबॉलची किंमत तिच्या कितीतरी पुढे. शिवाय नंबर आधी लागला तरी तिजोरीत काही उरलेलं असावं लागतं. पिनबॉलच्या जगानं हे अनुभवलेलंही आहे. वेल्समधली ‘हायवे पिनबॉल’ ही छोटी कंपनी २०१८ मध्ये बंद पडली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेले काही ग्राहक यंत्राविना राहिले. म्हणून लेअवेत पहिला प्रश्न असा असावा की यंत्र आत्ता, या घडीला, दुकानात उभं आहे का? त्याचा क्रमांक पावतीवर लिहून मिळेल का? बेत बदलला तर किती पैसे परत, आणि ते कधी?

कर्जाच्या वाटेवरचा सापळा निराळा. ‘बारा महिने व्याज नाही’ अशी पाटी अनेकदा दिसते. काही योजनांत ते अक्षरशः खरं असतं. काहींत मात्र व्याज माफ नसतं, नुसतं मागे धरून ठेवलेलं असतं. मुदत संपताना थोडीशी बाकी राहिली, तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. कर्जदारापुढे व्याजाचा वार्षिक दर स्पष्ट मांडला पाहिजे, असा कायदा अमेरिकेनं १९६८ मध्ये केला. तो एक आकडा शोधावा आणि आधी तोच वाचावा. मासिक हप्त्याचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, कारण तो गोड दिसतो.

या सगळ्यात पिनबॉलची बाजू घेणारी एक गोष्ट आहे. सोफा घरी आला की त्याचं मोल झपाट्यानं उतरतं. चांगलं राखलेलं पिनबॉल यंत्र बऱ्यापैकी मोल टिकवून ठेवतं. १९९२ चं ‘अॅडम्स फॅमिली’ घ्या. पॅट लॉलर यांनी रचलेल्या या यंत्राच्या २०,२७० प्रती विकल्या गेल्या. इतक्या मोठ्या संख्येनं असूनही आज त्याचं सुस्थितीतलं यंत्र तेव्हाच्या नव्या किमतीहून महाग विकलं जातं. प्रत्येक यंत्राचं असं होईल याची हमी नाही, आणि भाव वाढेल या भरवशावर कर्ज काढणं तर शहाणपणाचं नाहीच. पण अडचण आली तर यंत्र विकून बहुतेक देणं भागवता येईल, हा दिलासा घरातल्या फार थोड्या चैनीच्या वस्तू देतात.

आणि अखेर हा खर्च पेलण्याजोगा आहे का, हे तपासायला खेळालाच माप करावं. बाहेर एका खेळाला एक डॉलर पडतो असं धरू. कर्जाने घेतलेल्या यंत्राचे ८,३७० डॉलर म्हणजे ८,३७० खेळ. तीन वर्षांत विभागले तर दिवसाला सात-आठ. चार माणसांच्या घरात प्रत्येकानं रोज दोनदा खेळलं की झालं! एकट्या माणसाला मात्र तीन वर्षं रोज एवढं खेळायला उसंत आहे का, हे त्यानं मनाशी खरं बोलून ठरवावं. उत्तर ‘हो’ असेल तर हप्ता बिनदिक्कत भरावा. उत्तर डळमळीत असेल तर लेअवे निवडावं, कारण त्या आठ महिन्यांत हौस खरी आहे की क्षणाची, हे आपोआप कळतं, आणि क्षणाची निघाली तर अटींनुसार फार नुकसान न होता मागे फिरता येतं. हौस करणं चुकीचं नाही. तिची किंमत पैशांत किती आणि काळात किती, हे दोन्ही आकडे समोर ठेवून केलेली हौस माणसाला पुरेपूर उपभोगता येते.