व्हर्डनचा तह आणि खारेपाटणचा ताम्रपट

वैभववाडी : गगनबावड्याहून करूळ घाट उतरला की वैभववाडी लागते आणि तेथून तळेरेमार्गे खारेपाटण. घाटमाथ्यावरील बाजारपेठा आणि विजयदुर्गची खाडी यांना जोडणाऱ्या या पट्ट्यात एक मोठे साम्राज्य मोडल्यानंतर मागे राहिलेल्या छोट्या राज्याची कथा दडलेली आहे. ती समजून घेण्यासाठी त्याच काळातील युरोपकडे पाहणे उपयुक्त ठरते.

फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन इ. स. ८१४ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा लुई ८४० मध्ये निवर्तला आणि लुईच्या तीन मुलांत युद्ध पेटले. अखेर ८४३ मध्ये व्हर्डन येथे तह झाला. पश्चिमेकडील प्रदेश चार्ल्सला, पूर्वेकडील प्रदेश धाकट्या लुईला, तर उत्तर समुद्रापासून इटलीपर्यंतचा मधला पट्टा आणि सम्राटपद थोरल्या लोथरला मिळाले. पुढे पश्चिम भागातून फ्रान्स आणि पूर्व भागातून जर्मनी आकाराला आला.

योगायोग असा की, शार्लमेन निवर्तला त्याच सुमारास दख्खनमध्ये राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष गादीवर आला. व्हर्डनच्या तहाच्या सुमाराचा, शके ७६५ चा, एक शिलालेख मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत आहे. त्यात उत्तर कोकणचा शिलाहार राजा पुल्लशक्ती स्वतःला अमोघवर्षाचा सामंत म्हणवतो. युरोपातील साम्राज्याची वाटणी होत असताना येथील साम्राज्य एकसंध होते. मात्र पुढील वाटणीची बीजे त्याच्या रचनेतच होती.

वाटणीच्या दोन रीती

फ्रँकांमध्ये राज्य ही वडिलोपार्जित मालमत्ता मानली जाई आणि ती मुलांत वाटण्याची रूढी होती. राष्ट्रकूटांची गादी एकाकडेच जाई. पण दूरचे प्रांत सामंतांकडे असत आणि सामंतपद वंशपरंपरेने चाले. शिलाहारांची तीन घराणी अशीच उभी राहिली. एक उत्तर कोकणात, दुसरे दक्षिण कोकणात आणि तिसरे कोल्हापूर परिसरात. तिघेही स्वतःला जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवत, तर उत्तर कोकण आणि कोल्हापूरची घराणी स्वतःला तगर, म्हणजे आजच्या तेर नगरीचे अधिपतीही म्हणवत.

इ. स. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता उलथून टाकली, तेव्हा या सामंतांपुढे बिकट प्रश्न उभा राहिला : आता मानायचे कोणाला? उत्तर कोकणच्या अपराजिताने ९९७ च्या भादाणे ताम्रपटात राष्ट्रकूटांचे राज्य केवळ आठवणीपुरते उरल्याची खंत व्यक्त केली आणि नव्या सम्राटाचे नाव घेतले नाही. दक्षिण कोकणच्या रट्टराजाने मात्र शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ च्या खारेपाटण ताम्रपटात चालुक्य सत्याश्रयाचे अधिपत्य मान्य केले. तरीही त्याने आधी राष्ट्रकूटांची वंशावळ दिली, त्यानंतर स्वतःच्या घराण्याची. ज्यांनी हा प्रदेश दिला, त्यांच्या नावावाचून आपला हक्क सिद्ध होत नाही, हे तो जाणून होता. सम्राटपदाचा मान टिकवू पाहणाऱ्या लोथरची अडचण याहून फार निराळी नव्हती.

हा ताम्रपट एका मंदिराच्या पूजाअर्चेसाठी दिलेल्या दानाचा आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोने मंदिराला द्यावे, असे त्यात म्हटले आहे. या छोट्या राज्याचा आधार शेतीइतकाच समुद्रावरील व्यापार होता, हे त्यावरून कळते. ताम्रपटात उल्लेखिलेले बलिपत्तन म्हणजे खारेपाटणच असावे, असे काही अभ्यासक मानतात.

मधल्या राज्यांचे भवितव्य

लोथरचे राज्य टिकले नाही. त्याच्या मृत्यूनंतर ८५५ मध्ये ते पुन्हा त्याच्या तीन मुलांत विभागले गेले आणि ८७० मध्ये दोन्ही बाजूंच्या राजांनी त्यातील उत्तरेकडील भाग वाटून घेतला. फ्रान्समधील लोरेन प्रांताच्या नावात तेवढी त्याची खूण उरली. दक्षिण कोकणचे राज्यही असेच बलाढ्य शेजाऱ्यांच्या कचाट्यात सापडले. चालुक्य जयसिंहाने सप्तकोकणच्या अधिपतींचे सर्वस्व हरण केल्याचे १०२४ चा मिरज ताम्रपट सांगतो. त्यानंतर रट्टराजाच्या घराण्याचे नाव इतिहासात दिसत नाही.

खारेपाटणच्या या ताम्रपटाचे वाचन प्रथम प्रसिद्ध केले ते याच जिल्ह्यातील पोंभुर्ले गावच्या बाळशास्त्री जांभेकरांनी. मराठीतील पहिले वृत्तपत्र काढणाऱ्या या विद्वानाने आपल्याच मुलखाचा हा विस्मृतीत गेलेला इतिहास उजेडात आणला. व्हर्डनच्या तहाची माहिती पाठ्यपुस्तकांतून सर्वदूर पोहोचली. घाट उतरताच भेटणारी आपल्या मातीतील वाटणीची ही कथाही तितकीच परिचित व्हायला हवी.