वटहुकूम, मतपेटी आणि मंत्र्यांची रांग

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सरकारच्या तीन शाखांचा धडा आला, की वर्गातली निम्मी डोकी बाकावर टेकतात. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते अमलात आणतं, न्यायमंडळ निवाडा करतं. पाठ केलं, मार्क मिळाले, विषय संपला! पण मंत्र्यांनी कायदे करण्याचं कामही स्वतःकडेच घेतलं तर? आपल्या देशात असं खरोखरच घडलं होतं. आणि ते उघडकीला आणलं पुण्याच्या एका प्राध्यापकांनी.

आधी वटहुकूम म्हणजे काय ते पाहू. एरवी कायदा करायचा तर विधिमंडळात विधेयक मांडतात. त्यावर चर्चा होते, विरोधक उणिवा दाखवतात, मग मतदान होतं. पण अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली तर? अशा वेळी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. तो कायद्याइतकाच बंधनकारक असतो.

ही सोय ठेवावी का, यावर १९४९ साली संविधान सभेतच वाद झाला. हृदयनाथ कुंझरू, के. टी. शाह यांसारख्या सदस्यांना या अधिकाराची काळजी वाटत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं म्हणणं असं, की सभागृह भरलेलं नसताना अचानक प्रसंग ओढवला आणि हाती असलेला कायदा अपुरा पडला, तर सरकारजवळ काहीतरी उपाय हवाच. शेवटी सोय राहिली, पण अटीसह. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत वटहुकुमाचा रीतसर कायदा झाला नाही, तर तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. म्हणजे वटहुकुमाचं आयुष्य फार तर साडेसात महिने!

आता गंमत पाहा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा बिहारच्या कायद्यांचा अभ्यास करत होते. जुनी सरकारी राजपत्रं चाळताना त्यांना दिसलं, की तेच ते वटहुकूम पुन्हा पुन्हा येताहेत. मुदत संपत आली, की अधिवेशन संपवायचं आणि जवळजवळ त्याच मजकुराचा वटहुकूम नव्याने काढायचा! जुनीच वही, फक्त कव्हर नवं. वाधवांनी चिकाटीने सगळी मोजदाद केली. १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ वटहुकूम निघाले होते आणि ते एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले गेले होते. उसाच्या खरेदीविषयीचा एक वटहुकूम तर तेरा वर्षांहून जास्त टिकला. लोकांनी निवडलेल्या आमदारांनी त्यावर कधी मतच दिलं नव्हतं.

वाधवांनी १९८३ साली यावर पुस्तक लिहिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. त्यांच्याबरोबर आणखी तिघे अर्जदार होते. एक रांची जिल्ह्यातला शेतकरी, एक विटांचा उत्पादक आणि तिसरा कोण, ओळखा पाहू? पाटण्याच्या एका कॉलेजात इंटरच्या पहिल्या वर्षाला शिकणारा विद्यार्थी! त्याच्या शिक्षणाविषयीचे नियमसुद्धा वटहुकुमानेच चालले होते.

सरकारी बाजूने विचारण्यात आलं, की या बाहेरच्या प्राध्यापकांचा इथे काय संबंध? न्यायालयाने हा आक्षेप मानला नाही. घटनेप्रमाणे केलेल्या कायद्यांनीच आपला कारभार चालावा, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. विधिमंडळाला बाजूला ठेवून वटहुकुमांवर राज्य चालवणं म्हणजे घटनेशी लबाडी, असं त्यांनी ठरवलं. इंटरच्या शिक्षणाविषयीचा वटहुकूम रद्द झाला. वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये देण्याचा हुकूमही बिहार सरकारला झाला. पुढे २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठानेही वटहुकूम पुन्हा पुन्हा काढणं चूक असल्याचं सांगितलं. तो खटलाही बिहारमधलाच होता, बरं का!

तुम्ही म्हणाल, 'कायदा चांगला असला म्हणजे झालं! तो कुणी का केलेला असेना!' इथेच खरी मेख आहे. आपण मत देतो ते आमदार-खासदारांना. कायद्यावर त्यांना बोलूच दिलं नाही, तर आपल्या मताची किंमत काय उरली?

आणि हे मत आपल्याला सहजासहजी मिळालेलं नाही. इंग्रजांच्या राज्यात ज्याच्याकडे ठरावीक मालमत्ता किंवा शिक्षण आहे, अशा थोड्याच लोकांना मत होतं. स्वातंत्र्यानंतर घटनेने २१ वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला ते दिलं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून उमेदवारांना चित्रांच्या खुणा दिल्या गेल्या. 'अडाणी माणूस काय मत देणार?' अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली होती. तशीच शंका पुढे तरुणांबद्दल निघाली. अठराव्या वर्षी कसली आली समज? यावर उत्तर असं, की त्या वयात मुलं नोकरी करतात, कर भरतात, सैन्यात जातात. मग मत का नको? अखेर ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं.

आता तिसरा प्रश्न. मंत्री असावेत तरी किती? १९९७ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांनी दुसऱ्या पक्षांतून फुटून आलेल्या आमदारांच्या मदतीने बहुमत सिद्ध केलं. त्यानंतरच्या त्यांच्या मंत्रिमंडळात तब्बल ९३ जण होते! म्हणजे अख्खी क्रिकेटची आठ इलेव्हन, वर पाच राखीव! मोठ्या मंत्रिमंडळाच्या बाजूने सांगतात, की राज्य मोठं असतं, प्रत्येक भागाला आणि समाजाला प्रतिनिधित्व हवं. विरुद्ध बाजू खर्चावर बोट ठेवते. पण खर्चापेक्षाही मोठा मुद्दा वेगळाच आहे. सभागृहात मंत्र्यांना जाब विचारायचा असतो. फुटेल त्याला मंत्रिपद मिळायला लागलं, तर जाब विचारणारेच हळूहळू उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसतात.

म्हणून २००३ साली संसदेने ९१ वी घटनादुरुस्ती संमत केली. मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांहून जास्त नको. घटनेच्या कारभाराचा आढावा घेणाऱ्या आयोगाने १० टक्के सुचवले होते, संसदेने १५ स्वीकारले. पेन्सिल घ्या आणि हिशोब करा. महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार आहेत. त्यांचे १५ टक्के म्हणजे ४३.२, म्हणून जास्तीत जास्त ४३ मंत्री. गोव्यात ४० आमदार, म्हणजे फक्त ६ मंत्री! पण छोट्या राज्यांचा कारभार अडू नये, म्हणून १२ मंत्र्यांपर्यंत मुभा आहे. गोव्यात १२ चालतात.

तर मंडळी, वटहुकूम, मत आणि मंत्र्यांची संख्या हे तीन वेगळे धडे वाटले, तरी त्यांना जोडणारा धागा एकच. आपण आमदार निवडतो, आमदार मंत्र्यांना प्रश्न विचारतात, मंत्री उत्तरं देतात. ही साखळी कुठेही तुटली, की सरकार कितीही कर्तबगार असलं तरी त्याच्यावर कुणाची नजर राहत नाही. सरकारला झटपट काम करण्याची ताकद हवी, हेही खरंच. म्हणून तर ताकद किती आणि लगाम किती, हा वाद १९४९ पासून मिटलेला नाही. तो मिटणारही नाही.

तोवर एक करून पाहा. तुमच्या राज्यात नवा वटहुकूम निघाल्याची बातमी दिसली, की ती वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या अधिवेशनात त्याचं काय झालं, तेही शोधा. वाधवांनीही राजपत्रं उघडून मोजणीच केली होती. त्यासाठी अठरा पूर्ण व्हायची वाट पाहायला नको!