डोळ्यांतला आडोसा

बँकेत असताना संध्याकाळी हिशेब जुळला, की आम्ही निश्चिंत होत असू. शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाचा हिशेबही असाच जुळत आला होता. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. उपचारांना दीड वर्ष झाले होते आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले येत होते. एके दिवशी कॅरम खेळताना डावा डोळा मिटून नेम धरीत तो म्हणाला, "आजोबा, राणी अर्धीच दिसते." "चष्मा लागला वाटतं तुला!" म्हणून मी हसलो. ते हसणे मला अजून टोचते.

त्याची आई हसली नाही. चष्म्याच्या दुकानात न जाता तिने मुलाला दुसऱ्याच दिवशी कर्करोगाच्या डॉक्टरांकडे नेले. नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि डोळा आतून पाहिला. उजव्या डोळ्याच्या दृष्टिनाडीला सूज होती. मणक्यातले पाणी तपासले, तर त्यात आजाराच्या पेशी सापडल्या.

रक्त स्वच्छ असताना या पेशी आल्या कुठून? मेंदू आणि डोळ्याचा पडदा यांच्या रक्तवाहिन्यांभोवती निसर्गानेच एक तटबंदी घातली आहे. ती विषे अडवते, तशी औषधेही अडवते. शिरेतून दिलेली बरीच औषधे तिथे पुरेशी पोचत नाहीत, आणि दुखणे तिथे आडोसा धरून बसते. १९६२ साली अमेरिकेत मेम्फिस येथे सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झाले. तिथल्या डॉ. डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याला किरणे व मणक्यातल्या पाण्यात औषध देण्याचा मार्ग धरला, आणि एरवी दगावणारी मुले मोठ्या संख्येने बरी होऊ लागली. आता प्रतिबंधक किरणे बहुतेक मुलांना टाळता येतात. मणक्यातली सुई मात्र चुकत नाही.

डोळ्याची प्रत्येक तक्रार इतकी गंभीर नसते. आजाराच्या सुरुवातीला रक्त आणि प्लेटलेट कमी असल्याने पडद्यावर रक्ताचे ठिपके उमटतात, काहींच्या मधोमध पांढरी टिकली असते. मुलाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो, आणि रक्त सुधारले की ते विरतात. औषधेही आपले व्याज वसूल करतात. व्हिन्क्रिस्टिनने कधी पापणी लोंबते. स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होतो. मोतीबिंदू ही आम्हा साठीतल्यांची मक्तेदारी, असे मी समजत होतो!

त्या मुलाला तातडीने किरणे द्यावी लागली, औषधेही बदलली. नजर बरीचशी परत आली, पूर्ण नाही. आता तो मान किंचित तिरकी करून नेम धरतो. राणी घेतो, कव्हर मात्र कधीकधी हुकते.