छोट्या विमानांची मोठी शर्यत

संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर उभे राहून ज्यांनी पतंग काटले आहेत, त्यांना आकाशातील वस्तू हाताच्या एका झटक्यासरशी आज्ञा पाळते यातील नवल सांगावयास नको. मांजा हातात असल्यामुळे पतंगाची ओढ बोटांना कळते. आता, वाचकहो, अशी कल्पना करा की मांजाच नाही. पतंगाच्या जागी दोन किलो वजनाचे विमान आहे, ते आगगाडीहून वेगाने धावत आहे आणि त्याची ओढ बोटांना मुळीच जाणवत नाही. जे कळावयाचे ते केवळ डोळ्यांनी. बिनतारी नियंत्रणावर चालणाऱ्या मॉडेल विमानांची शर्यत ती हीच.

या शर्यतीचे मैदान त्रिकोणी असते. तीन कोपऱ्यांवर तीन उंच खांब रोवलेले असतात. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ ही संस्था १९०५ साली स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार या त्रिकोणाच्या दोन लांब बाजू प्रत्येकी १८० मीटर आणि पाया ४० मीटर असतो, म्हणजे एक फेरी ४०० मीटरांची. अशा दहा फेऱ्या, सर्व वळणे डाव्या हाताला. जगातील निष्णात स्पर्धक हे चार किलोमीटर एका मिनिटाच्या आत पुरे करतात. एका वेळी तीन किंवा चार विमाने आकाशात असतात. आमच्याकडील शंकरपटात बैलजोडी सरळ धावते. येथे मात्र खरी कसोटी वळणावर लागते. खांबाच्या आतून विमान गेले तर तो दोष धरला जातो आणि वेळेत भर पडते. दोनदा चूक झाली की ती फेरी हातची गेलीच म्हणून समजावे. खांब फार दूरून वळावा, तर प्रतिस्पर्धी पुढे सरकतो.

अडचण अशी की १८० मीटरांवरील खांब विमानाने ओलांडला की नाही, हे जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाला दिसूच शकत नाही. त्यासाठी शेजारी एक सहायक उभा असतो. तो विमानाकडे आणि दूरच्या पंचाच्या इशाऱ्याकडे पाहून नेमक्या क्षणी 'वळव' म्हणतो. दोघांचे जमले नाही तर यंत्र कितीही उत्तम असो, उपयोग नाही. सायकलची मागची बैठक सांभाळणाऱ्या भावाइतका विश्वास या सहायकावर टाकावा लागतो!

वेगाचा हिशेब मुलांना आवडेल म्हणून देतो. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. मनुष्याला इशारा ऐकून बोट हलवावयास सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला, तरी तेवढ्यात विमान सोळा-सतरा मीटर पुढे गेलेले असते. या वेगाने ३० मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर पंखांवर विमानाच्या वजनाच्या वीसपटीहून अधिक भार येतो. वेग निम्मा केला की हा भार चौथाईवर येतो. म्हणूनच सामान्य क्लबांच्या शर्यतीत अतिवेगाला उत्तेजन देत नाहीत. पुष्कळ ठिकाणी सर्वांनी एकाच जातीचे विमान, एकच मोटार आणि एकच पंखा वापरावा असा दंडक असतो. त्यामुळे पैशाची शर्यत टळते आणि हाताच्या कौशल्याची उरते. आमच्या मते हा दंडक फार शहाणपणाचा आहे.

बिनतारी नियंत्रणाची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींवर चालणारी नौका लोकांना दाखविली. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ साली बिनतारी नियंत्रणाचे मॉडेल विमान यशस्वीपणे उडविले. पुढे अनेक वर्षे प्रत्येक चालकाला स्वतःची ठराविक कंपनसंख्या घ्यावी लागे. एकाच कंपनसंख्येवर दोघांनी यंत्र सुरू केले की एकाचे विमान कोसळलेच. त्यासाठी मैदानावर एक फळा असे. त्यावरील आपल्या क्रमांकाचा चिमटा घेतल्यावाचून यंत्र सुरू करावयाचे नाही, असा रिवाज होता. आताची यंत्रे आपली वाट आपणच शोधून घेतात व चिमट्याचे दिवस संपले. तरीही उड्डाणापूर्वी थोडे दूर जाऊन संदेश पोहोचतो की नाही हे पाहावयाचे आणि संदेश तुटताच मोटार बंद पडेल अशी योजना करून ठेवावयाची, हे दोन नियम आजही कोणी मोडू नयेत.

आता चेन्नईकडे वळू. या शहराचा आणि विमानाचा संबंध फार लवकर जडला. १९१० साली, माउंट रोडवर हॉटेल चालविणाऱ्या जाकोमो दांजेलिस नावाच्या गृहस्थांनी मद्रासमध्येच, सिम्पसन कंपनीच्या कारखान्यात विमान तयार करवून घेतले आणि पल्लावरम येथे उडविले. मिठाई आणि मेजवान्या यांत ज्याचा दिवस जावा, त्याला हा नाद लागावा, हे मोठे गमतीचे आहे. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईस उतरले, तेव्हा तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रासला पोहोचविले. मुंबई आणि मद्रास अशी हवाई टपालाने जोडली गेली.

पल्लावरमच्या शेजारीच क्रोमपेट येथे १९४९ साली सी. राजम यांनी मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन केली. रामेश्वरमहून आलेला एक विद्यार्थी तेथे ठेवलेल्या दोन जुन्या विमानांपाशी तासन् तास रेंगाळत असे. तो म्हणजे ए. पी. जे. अब्दुल कलाम. विमानाच्या आराखड्याचे काम मनासारखे न झाल्याने प्राचार्य श्रीनिवासन यांनी त्यांना तीन दिवसांची मुदत दिली आणि काम न झाल्यास शिष्यवृत्ती बंद करण्याची तंबी भरली. कलामांनी रात्र जागून आराखडा पुरा केला, ही हकिकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. याच संस्थेच्या 'दक्ष' या विद्यार्थी संघाने २०१८ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे वैद्यकीय नमुना वाहून आणणाऱ्या वैमानिकरहित विमानांच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळविला. या संघाचे सल्लागार होते चित्रपट अभिनेते अजित कुमार. मोटार-शर्यतींत भाग घेणाऱ्या या नटाला मॉडेल विमानांचाही छंद आहे.

चेन्नईत विमान उडविणाऱ्याने समुद्राचा स्वभाव ओळखलाच पाहिजे. उन्हाळ्यात दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो आणि हलके विमान वळणावर बाजूला ढकलले जाते. म्हणून उड्डाणाची खरी वेळ पहाटेनंतरचे दोन-तीन तास. शिवाय तापलेली दमट हवा विरळ असते. इंजिनाला जोर कमी मिळतो, पंखांना उचल कमी मिळते आणि थंड हवेत नीट लावलेली इंधनाची सुई येथे पुन्हा फिरवावी लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. तेव्हा हौशी मंडळींनी घरी बसून बाल्सा लाकडाच्या फासळ्या कापाव्यात आणि मोडलेले पंख सांधावेत.

मोडणे हे चालावयाचेच. तीन महिने रात्री जागून बांधलेले विमान एका क्षणात जमिनीत रुतते. त्या वेळी मुलाच्या तोंडाकडे पाहवत नाही. आईवडिलांनी तेव्हा पैशाचा हिशेब काढू नये. प्रारंभ मात्र स्वस्तात करावा. आधी हाताने फेकावयाचे थर्मोकोलचे ग्लायडर, मग फेसाचे संथ विमान आणि वर्षभर हात बसल्यावर शर्यतीचे नाव. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात मॉडेल विमाने बांधण्याचे व उडविण्याचे शिक्षण मिळते. वायुसैनिक शिबिरात त्यांच्या स्पर्धाही होतात आणि मुलीही तितक्याच उमेदीने उतरतात.

धोक्याविषयी मात्र भाबडेपणा नको. दोन किलोचे विमान ताशी ३०० किलोमीटर वेगाने जात असताना त्याच्या अंगी जी ऊर्जा असते, ती ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या सत्तर किलो वजनाच्या मनुष्याएवढी असते. म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावरून विमान नेणे हा या खेळातील सर्वांत मोठा अपराध. लिथियमच्या विद्युत्घटांना भरताना एकटे सोडून निजावयास जाणे हा दुसरा.

आणि मैदान? खरी चणचण त्याचीच आहे. ड्रोन नियम २०२१ अन्वये, केवळ शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांना पुष्कळ सवलत आहे. परंतु चालू विमानतळाच्या सीमेपासून आठ किलोमीटरांच्या आत परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही आणि आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंतच मोकळीक आहे. मीनंबाक्कमचा विमानतळ वस्तीच्या कुशीत, तांबरमला वायुसेनेचा तळ. तेव्हा चेन्नईच्या हौशी माणसाने सरकारी हवाई नकाशा पाहून, गाडीत विमान घालून, सूर्योदयापूर्वी शहराबाहेरची वाट धरावी हे बरे. पल्लावरम तर विमानतळाला लागूनच आहे. ज्या जागी दांजेलिस यांनी १९१० साली आपले विमान उडविले, तेथे आज दोन किलोचे मॉडेल उडवावयाचे तर आधी सरकारी परवानगी काढावी लागेल.