स्टार्टर फिरतो, गाडी उठत नाही

१९९२ची आषाढातली रात्र, खंबाटकीचा घाट आणि मागच्या सीटवर तापाने फणफणलेली लेक. भर पावसात गाडी बंद पडली. स्टार्टर फिरे, पण इंजिन सुरू होईना. मी घाबरून चावी फिरवतच राहिलो.

मागून आलेला ट्रकवाला म्हणाला, ‘‘साहेब, बॅटरी उतरवू नका. इंजिन फिरतंय, म्हणजे बॅटरी ठीक आहे. आता पेट्रोल आणि ठिणगी बघू.’’

कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येत होते. मग त्याने डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. आत पाणी! कोरड्या फडक्याने पुसले आणि गाडी सुरू झाली.

आजच्या बहुतेक गाड्यांत ते झाकण नाही. रीत मात्र तीच: एकेक शंका फेडत जायचे. लेक आता स्वतः गाडी चालवते. तिला आधी हेच शिकवले.